पेलिकन लॉजचा एकच प्रश्न

"अगं, नुसतं हो म्हणायचं. एक अक्षर!" डेल्मर म्हणाला आणि तेवढ्यानेही त्याला धाप लागली. "एका अक्षरासाठी जीव नको खाऊस माझा."

"त्यापेक्षा त्या मंडळवाल्यांची भांडी घासायला लाव मला," अर्व्हेला म्हणाली. "जन्मभर घाशीन. खोटं नको बोलायला लावूस."

त्यांचं मोटारघर, म्हणजे संसार थाटलेली गाडी, नेवाडातल्या एका गावात, पेलिकन बंधुमंडळाच्या लॉजमागे, म्हणजे त्यांच्या सभागृहामागे, विजेच्या खांबाला तार जोडून उभं होतं. या मंडळात येणारा प्रत्येकजण सांगायचा की आपण सेवेसाठी आलो. मागच्या मैदानात सदस्यांसाठीच्या फुकट विजेच्या खांबांशी लागलेली मोटारघरांची रांग पाहिली की कोण कशासाठी आलंय ते आंधळ्यालाही कळलं असतं. डेल्मरनेही मुलाखतीत 'बंधुभाव, बंधुभाव' असा घोष लावून सदस्यत्व पटकावलं होतं. देशभर हिंडावं, जाऊ तिथे मंडळाचा खांब असावा, एवढाच त्याचा बंधुभाव.

आता हिंडणं संपलं होतं. नाकात प्राणवायूची नळी होती आणि डॉक्टरांनी त्याच्या हृदयापुढे हात टेकले होते. घर आजारपणात विकलं गेलं होतं, मूलबाळ नव्हतं. आणि मंडळाचा नियम असा, की सदस्य गेला की त्याच्या बायकोने गाडी हलवायची. तिची ती सदस्य झाली तरच तिला जागा. दुकानांच्या पार्किंगमध्ये एकटीने थंडीत कुडकुडायचं आणि पोलिसाने काच ठोठावली की निघायचं, एवढंच मग अर्व्हेलाच्या नशिबी उरलं असतं.

पण मुलाखतीत तो प्रश्न होता. देवावर विश्वास आहे का? नाही म्हणणाऱ्याला मंडळाचं दार बंद. अर्व्हेला पाद्र्याची लेक. बापाने लहानपणी देव इतका कानीकपाळी ओरडून सांगितला, की तो तिच्या मनातून कायमचा उतरला. डेल्मर मात्र भाविक. लग्न झाल्यापासून दर रविवारी तो चर्चमध्ये आणि ती बाहेर गाडीत शब्दकोडं सोडवत. यावरून भांडण असं कधी झालं नाही.

रविवारी दुपारी तिला आत बोलावलं. मंडळाचा अध्यक्ष हार्लन व्हॉस कोटावर पेलिकन पक्ष्याचं पदक लावून बसला होता. शेजारी जोबेथ, शुक्रवारी सगळ्यांसाठी मासे तळणारी, मंडळातली सगळ्यात मोठ्या तोंडाची बाई.

"वहिनी, देवावर विश्वास आहे ना?" हार्लनने विचारलं.

"मला खांब हवाय," अर्व्हेला म्हणाली.

जोबेथने कपाळावर हात मारला. "अगं बये, तो सगळ्यांनाच हवाय! तसं बोलायचं नसतं!"

हार्लन खाकरला. "मला काही ऐकू आलं नाही. कान अधू झालेत माझे. पुन्हा विचारतो हं, वहिनी."

तिने खिडकीबाहेर पाहिलं. मोटारघराच्या दाराशी डेल्मर घडीच्या खुर्चीत, पांघरूण घेऊन बसला होता. त्याने हात जोडले होते. देवाला की तिला, ते तिला कळेना.

"हो," ती म्हणाली.

मग दालनात मतदान झालं. पेटीत सगळ्या होकाराच्या पांढऱ्या गोट्या पडल्या, नकाराची काळी एकही नाही. डेल्मरची तब्येत पाहून शपथही लगेच उरकायची ठरली. अर्व्हेला त्याला सांगायला धावत बाहेर आली.

"झालं रे! घेतलं मला!"

डेल्मरचे डोळे भरून आले. त्याने तिचा हात धरला.

"हो म्हणालीस?"

"म्हणाले."

"खरं म्हणालीस का गं?"

ती दचकली. हा माणूस महिनाभर खोटं बोल म्हणून मागे लागला होता, आणि आता आशेने तिच्याकडे बघत होता. एवढ्या वर्षांत हे त्याने कधी विचारलं नव्हतं. मेल्यावर पलीकडे आपली दोघांची भेट होईल की नाही, हे त्याला जायच्या आधी जाणून घ्यायचं होतं. हार्लनशी खोटं बोलणं जमलं होतं. याच्याशी तिला जमेना.

"नाही, डेल्मर."

त्याने मान हलवली. "बरं," तो म्हणाला. "म्हणजे मग आपलं इथलं एवढंच."

"अर्व्हेला! चल, सगळे उभे आहेत!" जोबेथ दारातून ओरडली.

ती हलेना. डेल्मरनेच तिच्या हातातून आपला हात सोडवला. "जा. मी आहे तोवर हे उरकून घे. माझ्या मागे तुझे हाल व्हायला नकोत."

ती आत गेली. धर्मग्रंथावर हात ठेवून, देवाला साक्षी ठेवून तिने शपथ घेतली. एकेक शब्द उच्चारताना हे सगळं खरं असावं, निदान त्याच्यासाठी तरी खरं असावं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच अगदी जिवापासून वाटलं.