राणीचे नाक आणि सार्जंटचे नाव

मित्रांनो, मला खुशाल हातात घ्या, पण उलटे करून माझी कड तपासू नका. कड तपासणाऱ्या माणसावर माझा काडीचा विश्वास नाही. मी एक जुने, चांदीचे ब्रिटिश लष्करी पदक आहे. माझ्या कडेवर माझ्या मालकाचे नाव कोरलेले होते, सार्जंट विल्फ्रेड ॲक्रॉइड. 'होते' का म्हणते, ते ऐका.

टांकसाळीतून निघाले तेव्हा माझ्या अंगावर उठवलेल्या राणीचे नाक चांगले धारदार होते. दीर्घ सेवा आणि चांगली वर्तणूक यांसाठी मला देतात. विल्फ मलायाच्या जंगलात, सायप्रसच्या डोंगरात आणि जर्मनीच्या थंडीत राबला, तेव्हा कुठे मी त्याच्या छातीवर आले. बराकीतले सोबती मात्र खिदळायचे. "चांगली वर्तणूक कसली डोंबलाची? इतकी वर्षं पकडला गेला नाहीस, त्याचं बक्षीस आहे हे!" विल्फही हसायचा आणि मला घासायला घ्यायचा.

हे घासणेच माझ्या मुळावर आले. प्रत्येक संचलनाआधी तो पॉलिशचा डबा उघडायचा आणि दर वेळी माझा थोडासा अंश फडक्यावर जायचा. निवृत्तीनंतरही त्याने हात आवरला नाही. आधी राणीचे नाक गेले, मग कडेवरचे नाव. त्याचा माझ्यावर जीव होता, पण हा मला जपतो आहे की संपवतो आहे, असा संशय मला तेव्हापासूनच आहे.

तो वारला आणि त्याच्या मुलीने, मॉरीनने, मला टॉफीच्या डब्यात ठेवले. झाकण जरा वाजले की मी दचकायचे. न जाणो, जुन्या वस्तू विकत घेणारा आला असेल! पण एके दिवशी मॉरीननेच मला बाहेर काढले. नोव्हेंबरातला, युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाचा रविवार होता. आमच्या हॅलिफॅक्स गावातल्या युद्धस्मारकापर्यंत माजी सैनिक रांगेने चालत जातात. त्या रांगेतली वडिलांची जागा रिकामी राहू नये, एवढीच तिची इच्छा होती. वडील लावायचे तसेच तिने मला डाव्या छातीवर लावले.

तिथेच चुकले. डावी बाजू स्वतः पदक मिळवणाऱ्याची. गेलेल्या माणसाचे पदक घरच्यांनी उजवीकडे लावायचे असते. आदल्या वर्षी विकतची पदके लटकवून एक तोतया रांगेत घुसला होता. तेव्हापासून रांग लावणारे म्हातारे क्लिफर्ड बर्टव्हिसल प्रत्येकाकडे चोर असल्यासारखे बघत.

"काय हो बाई, सैन्यात कधी होतात तुम्ही?" त्यांनी हटकले.

"माझ्या वडिलांचं आहे हे. विल्फ ॲक्रॉइड."

"विल्फचं? अहो, मी त्याच्या हाताखाली होतो. त्याचं नाव सांगून मला बनवायला आलात? द्या इकडे!"

त्यांनी मला उलटे केले आणि माझी कड डोळ्यांजवळ नेली. मी मेल्याहून मेले झाले.

"नाव कुठंय? पुसून टाकलंत वाटतं! व्हा बाजूला."

"पुसलंय, पण बाबांनीच," मॉरीन रडवेली झाली. "सारखे घासत बसायचे. आई म्हणायची, एवढी भांडी घासली असतीस तर उपकार झाले असते!"

बर्टव्हिसल थबकले. राणीच्या सपाट तोंडावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"तोतया असता तर विल्फचं नाव कोरून आणलं असतं. पुसून कशाला आणेल?" ते पुटपुटले. "आणि राणीचं नाक खाणारा आमच्या पलटणीत एकच होता. आम्हालाही रडेपर्यंत घासायला लावायचा मेला." त्यांनी मला मॉरीनच्या उजव्या बाजूला नीट लावले. "चल पोरी. तुझ्या बापाची जागा माझ्या शेजारी आहे."

ती मान ताठ ठेवून चालली. मलाही फार बरे वाटले. पण घरी आल्यावर तिने टेबलावर काय काढावे? पॉलिशचा डबा! "बाबांना आवडलं असतं," असे म्हणत ती फडके शोधते आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी गेलेल्या माणसाची एखादी वस्तू असेल. तिला धूळ खात टाकू नका, पण चकचकीत करण्याच्या नादात त्या माणसाची खूणही पुसू नका. बर्टव्हिसलना दिसले नाही, पण माझ्या कडेवर विल्फच्या नावाचे एक पुसट अक्षर अजून शिल्लक आहे. कुणीतरी मॉरीनला सांगा. तेवढे तरी मला राहू द्या.