पुस्तकाआडचा कॅमेरा

"अंकल, पहले ये बताइए, फोटो किसका लेना है?"

दुकानदार लोकेशने काचेच्या काउंटरवर दोन कॅमेरे शेजारीशेजारी ठेवले होते. रायपूरच्या सदर बाजारातल्या त्या दुकानात शिरण्याआधी मी बराच वेळ शेजारच्या चष्म्यांच्या दुकानाकडे बघत उभा होतो. आत आल्यावर काय बोलायचं ते मनात घोटून ठेवलं होतं, पण हा प्रश्न त्यात नव्हता.

"घर का... ऐसे ही," मी म्हणालो.

"घर का मतलब? नाती-पोतों का? कि घूमने-फिरने का?"

मी मोठ्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. मोठा कॅमेरा उचलून तो म्हणाला, "ये मिररलेस है, शुरुआत करने वालों के लिए. इसका सेंसर बड़ा है. छाँव में, शाम को, कम उजाले में भी साफ आएगा. बाद में लेन्स बदल सकते हैं. और ये छोटावाला कॉम्पॅक्ट. लेन्स इसी में लगा हुआ है, बटन दबाओ तो खुल जाता है. जेब में आ जाएगा. लेकिन उजाला कम हो तो थोड़ा मार खाता है."

"सोच के आता हूँ," मी म्हणालो. आयुष्यात मी सगळ्यात जास्त वेळा बोललेलं वाक्य बहुधा हेच असेल.

फोटो सरिताचा घ्यायचा होता. सरिता म्हणजे माझी बायको. बायकोचा फोटो घ्यायचा आहे हे दुकानात सांगायला लाज वाटण्यासारखं काहीच नाही. पण मला फोटो तिचा नाही, तिच्या हसण्याचा हवा होता, आणि तोही लवकर. हे मी कोणत्या तोंडाने सांगणार?

तिच्या उजव्या कानाखाली गाठ होती. आवळ्याएवढी झाली तेव्हा कुठे ती दवाखान्यात यायला तयार झाली. तेलीबांध्याच्या त्या दवाखान्यात डॉक्टरने तिच्या गालावरून बोट फिरवत समजावलं. गाठ साधी वाटते, पण काढावी लागेल. चेहऱ्याची नस तिच्या अगदी जवळून जाते.

"खाना-बोलना तो होगा ना, डॉक्टरसाब?" सरिताने विचारलं.

"होगा. मुस्कान में थोड़ा फर्क आ सकता है. कुछ महीने. कभी-कभी रह भी जाता है."

"तो निकाल दो," ती म्हणाली, जणू भाजीवालीला किडकं वांगं बाजूला काढायला सांगत होती.

परतताना आम्ही ऑटो केला. बाहेर तेलीबांध्याचा तलाव मागे जात होता.

"अवो, तोंड पाडून काहून बसले? गाठ मले हाये का तुमाले?"

"हसन्यात फरक पडन म्हनते तो."

"पडू द्या ना. माह्यं हसू कोन पाहून राहिलं?"

ती हे सहज बोलली, तलावाकडे बघत. त्यावर काय म्हणायला हवं ते मला माहीत होतं. एकच अक्षर होतं. पण समोर ऑटोवाला होता, आणि माझ्यासारख्याला एक अक्षर बोलायलाही जागा लागते. आमचा बुढापारा आला, आम्ही उतरलो.

आमच्या घरात सरिताचे फोटो नाहीत असं नाही. लग्नातले आहेत, आमच्या मुलाच्या, यशदीपच्या वाढदिवसाचे आहेत, दीक्षाभूमीवर गेलो होतो तेव्हाचे आहेत. सगळ्यांत ती एकसारखीच उभी आहे, रेशनकार्डाचा फोटो काढायला आल्यासारखी. समोर कोणी काहीही धरलं की तिचा हात आधी पदराकडे जातो आणि मग ओठ मिटतात. मोबाईलने मी दोनदा प्रयत्न केला. मोबाईल बाहेर काढेपर्यंतच तिला कळतं. शिवाय तो मोबाईल सगळ्यांना गोरंगुळगुळीत करून टाकतो. त्यातली बाई तीस वर्षांची होती आणि मी तिला ओळखत नव्हतो.

ती खरी हसते ती रोज सकाळी, आमच्या फाटकाशी, भाजीवालीबरोबर.

भाजीवालीचं नाव मला माहीत नाही. सरिताला असेल, पण ती ते घेत नाही, कारण त्या दोघी एकमेकींच्या भोजली आहेत. इकडे श्रावणात बायका टोपलीत गव्हाचे अंकुर वाढवतात, राखीच्या दुसऱ्या दिवशी तलावात सोडतात. त्यातलेच चार अंकुर एकीने दुसरीच्या कानामागे खोचले की त्या जन्माच्या मैत्रिणी होतात. मग एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, 'भोजली'च म्हणायचं. आम्ही हे सण करणाऱ्यांतले नव्हे. पण एका वर्षी बुढा तलावावरून परतणाऱ्या बायकांत ही भाजीवाली होती. सरिता फाटकाशी उभी होती, आणि तिने काही कळायच्या आत सरिताच्या कानामागे अंकुर खोचले. तेव्हापासून सकाळी गल्लीत हाक येते, "सीताराम, भोजली!" आणि आमची सरिता फाटक उघडत म्हणते, "जय भीम, भोजली!" त्यावरही त्या हसतात, रोज.

सरिता गोंदियाकडची. नवी नवरी म्हणून रायपूरला आली तेव्हा तिला इथली बोली येत नव्हती. आता ती माझ्याशी मराठीत बोलते, मुलाशी हिंदीत, आणि हसते छत्तीसगढीत. मान मागे टाकून, डोळे मिटून, एक हात फाटकावर ठेवून. मी पार्सल ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून त्या वेळी व्हरांड्यात वाचत बसतो. म्हणजे पुस्तक उघडं असतं.

रात्रीच्या जेवणानंतर यशदीपचा बंगलोरहून फोन आला. मी सरिताला ऐकू जाणार नाही अशा बेताने त्याला विचारलं.

"पापा, आजकल कॅमेरा कौन लेता है?" तो म्हणाला. मी मराठीत बोलतो, तो हिंदीत उत्तर देतो, हे आमचं जुनंच आहे. "लेना ही है तो मिररलेस लो. कॉम्पॅक्ट तो मोबाइल जैसा ही पड़ेगा."

"पन तो मोठा हाये रे. डोयाले लावा लागते."

"तो लगाओ ना, पापा!"

त्याला कसं सांगायचं?

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा लोकेशने ओळखलं. दोन्ही कॅमेरे हातात देऊन म्हणाला, "बाहर देख के लीजिए दो-चार." दुकानाच्या पायरीवर उभा राहून मी मोठा कॅमेरा डोळ्याला लावला. लगेच एक स्कूटरवाला थांबला, "लीजिए, लीजिए," म्हणाला. समोरच्या कापडवाल्याने पोट आत घेतलं. सगळा सदर बाजार माझ्याकडे बघतोय असं वाटून माझ्या कानशिलांना घाम फुटला. पण फोटो मात्र काय सुरेख आला! सावलीतल्या कापडवाल्याच्या मिशीचा केस न् केस दिसत होता.

मग छोटा घेतला. लोकेशने त्याचा पडदा उचलून वर वळवून दिला, म्हणजे कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून बघता येतं. मी मान खाली घातली. कोणी थांबलं नाही. कापडवाल्याने पोट सोडलं. फोटो यातही आला, पण मिशीचा नुसता काळा पट्टा दिसला.

मी मान खाली घालून उभा होतो आणि मला एकदम समजलं की अशाच अवस्थेत सरिताने मला सगळ्यात जास्त पाहिलंय. मांडीवर काहीतरी आणि मान खाली. माझ्याकडे त्या वेळी ती बघतसुद्धा नाही.

"इसका आवाज बंद होता है?" मी विचारलं.

"खटकेवाला? होता है." लोकेशचा हात थांबला. त्याने मला वरून खाली पाहिलं. "छोटा चाहिए, आवाज भी नहीं चाहिए, नीचे से देखना है. अंकल, किसका फोटो लेना है, बता ही दीजिए."

त्याच्या मनात काय आलं ते माझ्या उशिरा लक्षात आलं.

"मेरी मिसेस का," मी म्हणालो. "वो हँसती है तो... कॅमेरा देखके बंद हो जाती है. उसका ऑपरेशन है. यहाँ." मी माझ्याच गालावरून बोट फिरवलं, डॉक्टरसारखं.

लोकेशने आवाज बंद करून दिला, मग पुन्हा दोन्ही कॅमेरे समोर ठेवले. "देखिए, ईमान से बोलूँ तो बड़ावाला लीजिए. सुबह की छाँव में हँसता हुआ आदमी छोटे में हिल जाएगा."

तो बरोबर बोलत होता. यशदीपही बरोबर होता. मी छोटा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुन्या मासिकांचा बांधलेला जाड खंड मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसलो. खंड उघडा, जरा तिरपा, वरच्या कडेशी कॅमेरा. छातीत अशी धडधड चालली होती की पानं हलत होती.

"सीताराम, भोजली!"

"जय भीम, भोजली! का भाजी लाय हस?"

टोपली उतरली. लाल भाजी निघाली, चेंच भाजी निघाली. लाल भाजीच्या जुडीत गवत फार आहे असं सरिता म्हणाली. ते गवत तुझ्या म्हाताऱ्याला घाल, असं काहीतरी भोजली म्हणाली. मी मान वर केली नाही. पडद्यावर सरिता पाठमोरी होती, मग अर्धी वळली. आता, आता, असं करत मी बोट दाबायचं विसरत होतो. मोठा घेतला असता तर इतक्यात काम झालं असतं, हेही मनात येत होतं.

भोजली बोलता बोलता थांबली. पडद्यात तिचा चेहरा सरळ माझ्याकडे वळला.

"ए भोजली! देख तो ओ! तोर डोकरा के किताब मा आंखी हे!"

तुझ्या म्हाताऱ्याच्या पुस्तकाला डोळा आहे.

सरिता वळली. तिने खंड पाहिला, वरून डोकावणारं काळं भिंग पाहिलं, खाली घातलेली माझी मान पाहिली. मला वाटलं, आता पदर सरळ होणार, ओठ मिटणार. पण तिची मान मागे गेली. डोळे मिटले. हात ठेवायला फाटक सापडेना म्हणून भोजलीचा खांदा धरला आणि ती हसली, हसतच राहिली. बोट माझं होतं, पण ते दाबलं कोणी ते मला सांगता येणार नाही.

"अवो, चोरावानी काय करून राहिले!" ती डोळे पुसत म्हणाली. "मागायचा ना सरळ!"

मागून मिळालं असतं का, हे मी विचारलं नाही.

प्रिंट काढायला गेलो तेव्हा लोकेशने फोटो मोठा करून पाहिला आणि जीभ टाळूला लावून आवाज केला. भोजली स्पष्ट होती. लाल भाजीचं पान न् पान मोजून घ्यावं असं आलं होतं. फाटकाचा उडालेला रंग आला होता. सरिता तेवढी हलली होती. तिच्या चेहऱ्याच्या जागी एक उजळ, पुसटसा हेलकावा होता, आणि त्यात तोंड उघडं असल्याचं कळत होतं.

"बोला था ना, अंकल," तो हळूच म्हणाला. "बड़ेवाले में नहीं हिलता."

"निकाल दो," मी म्हणालो.

घरी येऊन प्रिंट तिच्या हातात दिली तेव्हा ऑपरेशनसाठीची पिशवी ती भरत होती. चष्मा लावून तिने बराच वेळ पाहिलं.

"हालला हाये," मी म्हणालो. "माह्यंच चुकलं. मोठा घ्यायले पायजे होता."

"हसतानी मानूस हालतेच ना," ती म्हणाली, आणि प्रिंट टॉवेल आणि साड्यांच्या मधे, चुरगळणार नाही अशी ठेवली.

गाठ साधीच निघाली. तो निरोप मी यशदीपला एकाच फोनमध्ये दोनदा दिला, एवढं मला आठवतं. नस ओढली गेली होती. डॉक्टर म्हणाला, वाट बघू. घरी आल्यावर सरिता चहा बशीतून प्यायला लागली, आणि ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून आलेला थेंब मी पाहिला नाही असं मी करायला लागलो. आरशावर तिने टॉवेल टाकला नाही, पण केस न बघता विंचरायला लागली.

गल्लीत हाक आली की ती पदर नाकापर्यंत ओढून, उजवी बाजू झाकून जायची. दोन्ही बाजूंनी 'भोजली' व्हायचं, भाजी घेतली जायची. हसणं व्हायचं नाही. मी व्हरांड्यात असायचो, खंड मांडीवर. कॅमेरा आत कपाटात. तो बाहेर काढणं मला क्रूरपणाचं वाटत होतं. आणि न काढणं हेही तसंच काहीतरी आहे की काय, अशी शंकाही येत होती. शेवटी कपाटातून काढून मी तो शर्टाच्या खिशात ठेवायला लागलो, इतकंच. छोट्याची तेवढी सोय होती.

एका सकाळी भोजलीने भाजी मोजून दिली, पैसे कनवटीला लावले, पण टोपली उचलली नाही. जुडीतून कोथिंबिरीची एक काडी खुडली. काही न विचारता सरिताचा पदर चेहऱ्यावरून बाजूला केला आणि ती काडी तिच्या उजव्या कानामागे खोचली, टाक्यांच्या जरा वर.

"अब बने दिखत हस," ती म्हणाली. आता छान दिसतेस.

सरिता तशीच उभी राहिली. पदराकडे गेलेला हात मधेच थांबला. मग तिने माझ्याकडे वळून पाहिलं.

"अवो, आज पुस्तकाले डोया नाही का?"

मी खंड खाली ठेवला. उठून उभा राहिलो, खिशातून कॅमेरा काढला आणि सरळ तिच्यासमोर धरला, दोन्ही हातांनी, सगळ्या गल्लीला दिसेल असा. हाही फोटो हलणार हे मला माहीत होतं.

भोजली काहीतरी पुटपुटली. सरिताची मान मागे गेली. डावी बाजू हसली. उजवी, कोथिंबीर सांभाळत, तशीच राहिली.