कुलदैवत जेजुरी

मेधाताईंनी माझी जात विचारली नव्हती, हे आधीच सांगायला हवं. माझा नवरा अतुल अमेरिकेला गेला तेव्हा पहिला महिनाभर त्यांच्याच घरी राहिला. पुढे एका रविवारी व्हिडिओ कॉलवर त्या माझ्याशी बोलल्या. "नेरेकर म्हणजे हिंजवडीजवळच्या नेऱ्याचे ना? आणि कुलदैवत कोणतं गं तुमचं?"

"जेजुरी," मी म्हणाले, आणि मागचा बाबासाहेबांचा फोटो दिसू नये इतका फोन वळवला.

"अगंबाई, म्हणजे आपण एकच! येताना भंडारा आण हं."

सासूबाई शेजारी मटार सोलत होत्या. कॉल संपल्यावर म्हणाल्या, "जेजुरी कवापास्नं गं? माज्या सासऱ्यानं छप्पन साली देव मुळेच्या पाण्यात सोडले. ते काय पोहत आले व्हय तुज्याकडं?"

"आई, आम्हाला तिथं राहायचंय. मैत्रीला त्यांच्या वेदांतबरोबर शाळेत जायचंय."

"ऱ्हावा की. न्हाई कोण म्हणतंय?"

महिन्याभरात तिथल्या नगरपालिकेसमोर एक ठराव आला. नोकरीत किंवा घर भाड्यानं देताना जातीवरून भेदभाव करायला बंदी. मेधाताईंच्या मराठी मंडळानं विरोधात सह्या गोळा केल्या. अतुलनं सही केली नाही. उलट सभेत बोलणाऱ्यांच्या यादीत नाव दिलं आणि मग मला फोन केला.

"आम्ही पोचल्यावर बोल काय बोलायचं ते," मी म्हटलं.

"ठराव तोवर थांबेल?"

"मग दुसरं कोणी बोलेल. सगळी दुनिया तुलाच सुधारायचीय?"

"बरं. तू नको म्हणालीस तर नाही बोलणार."

हे त्याचं नेहमीचं. निर्णय माझ्या ओट्यावर आणून ठेवायचा.

सभा आमच्या सकाळी साडेसहाला होती. पुण्याजवळच्या सूसच्या फ्लॅटमध्ये मी लेकीच्या, मैत्रीच्या डब्याच्या पोळ्या लाटत होते, लॅपटॉप मिक्सरला टेकवून त्यावर सभा लावलेली. आधी एका पाद्र्यानं प्रार्थना म्हटली. सगळे उभे राहिले.

"नगरपालिकेत देवाचं?" सासूबाईंनी विचारलं.

"तिथं पद्धत आहे."

"त्यांचं उघड चालतंय. आन आपण बुद्धाचं नाव घ्यायचं न्हाई."

मी पुढची पोळी लाटायला घेतली. चर्चमधली एक पांढऱ्या केसांची बाई ठरावाच्या बाजूनं बोलली. टोपीवाला एक माणूस म्हणाला, सरकारनं लोकांच्या धर्मात नाक खुपसू नये. मग मेधाताई आल्या. "वीस वर्षं मी इथं आहे. मला कोणी जात विचारली नाही, मीही कोणाला विचारली नाही. असा कायदा केलात तर आमच्या मुलांकडे सगळे संशयानं बघतील." टाळ्या पडल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. चेहऱ्यावरून कळत होतं.

मी सासूबाईंना मराठीत सांगितलं.

"खरंच हाय की," त्या म्हणाल्या. "जात कुटं इचारली? देव इचारला."

फोन वाजला. अतुलचा मेसेज. "पुढचं नाव माझं. बोलू?"

तव्यावरची पोळी करपायला लागली होती. मी तिच्याकडे बघत राहिले. व्हिसाची तारीख पुढच्या बुधवारची. तिथं मैत्रीला ओळखणारं एकच घर, मेधाताईंचं. त्या घराची दारं उद्यापासून कशी असतील, ते मला आताच दिसत होतं. आणि जेजुरीच्या पाठोपाठ आणखी काय काय सांगावं लागेल, तेही. मैत्रीकडूनसुद्धा ते पाठ करून घ्यावं लागलं असतं.

गॅस बंद केला आणि "बोल" असं लिहून पाठवलं.

दोनेक मिनिटांत उत्तर आलं. "बोललो. बाहेर आलोय."

मी दचकून लॅपटॉपकडे पाहिलं. तिकडचं चित्र आमच्याकडे दोन-तीन मिनिटं उशिरा पोचत होतं. त्यात अतुल अजून मागच्या रांगेत बसलेला, मान खाली घालून फोनकडे बघत.

"आई, इकडे या," मी आवाज वाढवला. "आता त्याचं नाव पुकारतील."