ठमीचं जेवण

ओट्यावर तीस सिरिंज, इन्सुलिनची एक बाटली आणि साखर मोजायच्या सत्तेचाळीस पट्ट्या होत्या. बाबा गेल्यावर आई दादाकडे राहायला गेली आणि त्यांची मांजर, ठमी, माझ्याकडे आली. काल तिला मधुमेह निघाला. आज सकाळची साखर ४१२. डॉक्टरांनी बजावलं होतं, आधी खाणं, मगच इंजेक्शन. पण ठमी बशीला तोंड लावेना. शेवटी आईला फोन केला.

"तू अजून उभ्यानेच जेवतेस ना?"

"एकटीसाठी कुठे पान मांडू?"

"मग ती तरी कशाला जेवेल, बाई! बाबा तिच्याशेजारी ताट घेऊन बसायचे."

मी फरशीवर बसून गार भात खाल्ला. ठमीने बशी चाटूनपुसून साफ केली. मी एक युनिट टोचलं.

सहा तासांनी साखर २३६ होती.