कूलरचं ब्लँकेट

४७ अंश

राजुऱ्याच्या देवरावांना उन्हाचा भारी अभिमान. मे महिन्यात पारा सत्तेचाळीसला टेकला की ते असे मिरवत, जणू तो त्यांनीच दूधभात घालून वाढवला.

३१ अंश

दिवाळीनंतर चिखलदऱ्याहून हरिदासभाऊंचा फोन आला. त्यांचा मुलगा आणि देवरावांची मुलगी दिव्यानी एकमेकांना पसंत होते. उरलं होतं सुपारी फोडून सोयरीक पक्की करणं.

"हुंडा नको, मानपान नको," हरिदासभाऊ म्हणाले. "फक्त खोटं बोलू नका. मले ते खपत नाई. बरं, जानेवारीत येतो. स्वेटर आणू का?"

"चंद्रपूर जिल्ह्यात स्वेटर? बनियनवर या, भाऊ! थंडीले इकडचा रस्ताच माहीत नाई."

फोन ठेवून देवरावांनी कूलर झाकायला घेतले. दर हिवाळ्याचं काम. आत धूळ जाऊ नये म्हणून घरातली तिन्ही ब्लँकेटं तिन्ही कूलरना गुंडाळायची आणि सुतळीनं आवळायची. माणसांना चादर पुरे.

७ अंश

हरिदासभाऊ सकाळी एसटीतून उतरले ते पातळ सुती सदऱ्यात.

"स्वेटर परतवाड्याले भाच्याकडे ठेवून आलो," ते म्हणाले. "तुमच्या शब्दावर."

देवराव पाणी आणायच्या निमित्तानं आत पळाले. त्यांची बायको ठमाबाई वाटच पाहत होती.

"सोडा ना ते ब्लँकेट! मशीन उबेत अन् माणसं गारठ्यात!"

"हळू बोल. ब्लँकेट काढलं म्हणजे थंडी कबूल केली. खोटारडा ठरलो त पोरीची सोयरीक मोडन."

"बाबा, तुमचे दात वाजून राह्यले," दिव्यानी म्हणाली.

"सुपारी खाऊन राह्यलो."

"सुपारी त ताटातच आहे."

तरीही ७

"कसं वाटते, हरिदासभाऊ?"

"मस्त. तुमाले?"

"मले त गरमच होऊन राह्यलं."

हरिदासभाऊंनी कोपऱ्यातल्या कूलरकडे पाहिलं. त्याच्या अंगावर जाडजूड, वाघाच्या चित्राचं ब्लँकेट होतं.

"मंग कूलर लावा."

(                    )

वरची जागा देवरावांच्या उत्तरासाठी सोडली होती. ते आलं नाही.

बधिर बोटांनी त्यांनी सुतळी सोडली. वाघ खाली पडला. दिव्यानीनं तो उचलून छातीशी धरला. देवरावांनी कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं, बटण दाबलं आणि गुडघ्याला गुडघा लावून दोघं व्याही समोर बसले.

अंश कोणी पाहिले नाहीत

एक मिनिट. हरिदासभाऊंच्या मिशीवर थेंब. दोन मिनिटं. देवरावांना आपले कान आहेत की गेले, कळेना. त्यांनी दाराकडे पाहिलं. दिव्यानी ब्लँकेट घेऊन उभी होती, पण देत नव्हती.

"बोला ना, बाबा."

"हरिदासभाऊ," देवराव म्हणाले, "थंडी आहे. दरसालच रायते. मी थाप फेकली होती."

हरिदासभाऊंनी झेप घेऊन बटण बंद केलं.

"एवढंच ऐकाले जीव देऊन राह्यलो होतो, भाऊ! अजून दोन मिनिटं लावले असते त पोराच्या लग्नात माहा फोटोच ठेवा लागला असता!"

दिव्यानीनं दोघांवर मिळून तो वाघ टाकला. त्याला कूलरच्या गेल्या उन्हाळ्यातल्या ओल्या गवताचा वास येत होता. कोणी नाक मुरडलं नाही. सुपारी समोर आली, पण अडकित्ता ना याच्या हातात ठरे, ना त्याच्या. शेवटी ठमाबाईनंच तो हिसकावला आणि एका दणक्यात सोयरीक पक्की केली.

कूलर उघडाच पडला होता. त्याला चादर पुरे.