पंधरा मिनिटांचा रविवार

फाल्गुनातलं ऊन इतर गावांत पांढरं असतं. कृष्णाकाठच्या या गावात ते पिवळं होतं. खळ्याखळ्यांवर शिजवलेली हळद वाळत पडते. वर निरभ्र आकाश, खाली हळकुंडांचे पसारे, आणि मध्ये सुवर्णधूसर, सुगंधजड हवा. वाऱ्याला तो रंग चढतो, कुंपणाला चढतो, सावलीत झोपलेल्या कुत्र्याच्या पाठीलासुद्धा चढतो.

त्या पीतप्रभेत वैजयंता उभी असते. लग्नाला नऊ महिने झाले, त्यातले तीन नवऱ्यावाचून गेले. सुजित फौजेत भरती झाला आणि दूर उत्तरेत प्रशिक्षणाला गेला. तिथे फोन आठवडाभर कवायत शिकवणाऱ्या उस्तादांच्या कपाटात बंद. रविवारी दुपारी चार वाजता तो हातात मिळतो, फक्त पंधरा मिनिटं.

उरतात सहा दिवस, तेवीस तास आणि पंचेचाळीस मिनिटं. तेवढं आयुष्य वैजयंता त्याच्या घड्याळावर जगते. तिकडे पहाटेची शिट्टी होते, इकडे ती डोळे उघडते. तो धावत असेल, तेव्हा ती खळ्यावरची हळद परतते. तो ताट घेऊन रांगेत उभा असेल, तेव्हा हिच्या हातातला घास थांबतो. मग अर्धजागृत मन आपलं आपणच चालू लागतं: मंद-मंद, पिवळ्या धुक्यातून तो येतो, धुळीने माखलेला, कातरलेल्या केसांचा, आणि हळदीच्या पसाऱ्याला वळसा घालून पुढे धावत जातो. थांबत नाही. थांबायची त्याला परवानगी नाही, हे तिला स्वप्नातही ठाऊक असतं.

पण ती पंधरा मिनिटं तिची नव्हती, घराची होती. आधी मामांजी, म्हणजे सासरे बोलत, मग सासू, जिला ती आत्या म्हणे, मग नणंद, मग सहज म्हणून टपकलेले चुलते. थोरांच्या आधी सुनेनं फोन धरायचा नाही. हे कुणी सांगितलं नव्हतं, सांगावं लागतही नव्हतं. जो तो त्याला कौतुकच ऐकवी. चौकात तुझा फलक लावलाय, म्हणत. साहेब म्हणून चिडवत. आणि तो प्रत्येकाला मजेत आहे म्हणे. शेवटचं अर्धं मिनिट वैजयंताच्या वाट्याला येई, तेही स्पीकरवर, सगळ्यांसमोर.

गेल्या रविवारी त्या अर्ध्या मिनिटात त्याने म्हटलं, “बरा आहे.” त्या दोन शब्दांच्या मध्ये त्याचा श्वास अडकला, आणि फोन बंद झाला.

तो अडकलेला श्वास ती आठवडाभर उराशी घेऊन हिंडली. त्याला रडू आलं होतं आणि रडायला जागा नव्हती. तिला भीती वाटत होती, फार भीती वाटत होती. असंच गिळत राहिला तर माणूस आतून मोडेल. त्याच्याशी एकदा, एकदाच, एकटीने बोलायला हवं होतं.

आज चार वाजले. खळ्याच्या कडेला सगळे जमले. फोन वाजला, मामांजींनी तो हातात घेतला, आणि नऊ महिन्यांत जिने या घरात कधी काही मागितलं नव्हतं, ती वैजयंता म्हणाली, “आत्या, आज मला आधी बोलू द्या. सगळा वेळ द्या.”

नणंदेने मान खाली घातली. चुलत्यांनी घसा खाकरला. फोन वाजत राहिला. सासूने सुनेकडे पाहिलं. मग मामांजींच्या हातातला फोन घेतला, पदराने पुसला आणि तिच्या हातात ठेवला.

“मलाबी ऐकू आलं हुतं त्या दिवशी,” त्या हळूच म्हणाल्या. “पर माझ्याम्होरं त्यो रडायचा न्हाई. जा तू.”

वैजयंता फोन उचलून विहिरीपलीकडच्या आंब्याखाली गेली. सुजितने सवयीने मामांजींची चौकशी केली, मजेत आहे म्हणाला. तिने ऐकून घेतलं.

“इथं कुणी नाही,” ती म्हणाली. “मी एकटीच आहे. तुम्हाला रडायचं असेल तर रडा.”

 पलीकडून रडणं आलं, आधी दबून, मग अनावर, पोरासारखं. तिने समजूत घातली नाही, एक शब्द मध्ये टाकला नाही. आंब्याचा मोहर झिरमिर-झिरमिर तिच्या केसांवर गळत होता, खांद्यांवर गळत होता. आणि दूर देशीचं ते रडणं कानाशी धरून ती नुसती उभी होती, उभीच होती, पंधरा मिनिटं.