मी आधी छातीएवढे होते

मित्रांनो, थांबा जरा. कोण तुम्ही? कोणाकडे आलात? येणार असल्याचे आधी कळवले होते का?

रागावू नका. मी सगळ्यांनाच हे विचारते. मी एक जुने लोखंडी फाटक आहे. दार-ए-सलाम शहरातल्या ऑयस्टर बे या वस्तीत, समुद्रापासून तिसऱ्या गल्लीत मी उभे असते. इथले बंगले मोठे, बागा मोठ्या आणि भिंती त्याहून मोठ्या. आमच्या वस्तीत ज्याला शंका येत नाही, त्याला लोक वेंधळा समजतात.

माझा जन्म गेरेझानीच्या लोहारआळीतला. म्कुडे नावाच्या कारागिराने मला घडवले. बंदरावर इंजिनियर असलेले म्झे रुवाइची स्वतः त्याच्या भट्टीपाशी येऊन उभे राहिले होते. त्या वेळी ते तरुण होते, पण गल्लीत सगळे त्यांना मानाने 'म्झे' म्हणजे वडीलधारे म्हणत. म्कुडेने विचारले, "उंची किती ठेवू, साहेब?" ते म्हणाले, "छातीपर्यंत पुरे. रस्त्यावरचा माणूस मला दिसला पाहिजे आणि मी त्याला." म्कुडेने माझ्या गजांना माडाच्या झावळ्यांचा आकार दिला आणि निळा रंग लावला. मी तेव्हा फार देखणे होते. हे मीच म्हणते आहे, म्हणून खोटे समजू नका.

आमच्याकडे कोणाच्या दारात गेले की 'होडी!' अशी साद घालायची आणि आतून 'करिबू!', म्हणजे 'या, या!' असे उत्तर यायचे, ही रीत. दिवसातून वीसदा तरी मी ते ऐकत असे. पलीकडच्या म्सासानीच्या कोळीवाड्यातून बीबी चाउसिकु यायची. तिच्या डोक्यावर व्हिटुंबुआची टोपली असे. व्हिटुंबुआ म्हणजे तांदळाचे, नारळाच्या दुधातले गोड अप्पेच. ती साद घालायची आणि उत्तराची वाट न बघता माझ्यावरून हात घालून कडी स्वतःच काढायची. मग व्हरांड्यात ती आणि म्झेंच्या पत्नी एलिवाझाबाई यांच्या गप्पा चालत. तिचा हात नेहमी तेलकट असे. माझी कडी कधी गंजली नाही, ती त्या तेलाने.

मग एका वर्षी आमच्या गल्लीत चोरी झाली. काय गेले ते कधी नीट कळले नाही. आधी म्हणाले टीव्ही. आठवड्याने म्हणाले दागिनेही. महिन्याने चोर दहा होते आणि प्रत्येकाच्या हातात सुरा होता. वस्तीची समिती बसली. समितीचे म्हणणे असे की फेरीवाल्या बायका घरे हेरून जातात. दुसऱ्याच दिवशी एलिवाझाबाईंनी माळ्याकडून बीबी चाउसिकुला निरोप दिला, "उद्यापासून नको." बाई स्वतः बाहेर आल्या नाहीत. बीबीने माझी कडी पुन्हा लावली आणि ती टोपली उचलून निघून गेली.

त्यानंतर माझ्यावर पत्रे चढले. माझ्या झावळ्या पत्र्याखाली गेल्या. मी दहा फूट उंच झाले, वर भाले बसवले, भाल्यांवर विजेची तार आली. मला चाकांवर घालून रुळावर सरकवायला यंत्र बसवले. रंग काळा दिला. रस्ता बघायला पत्र्यात तळहाताएवढी एक झडप ठेवली, तीही आतून बंद. समितीचे अध्यक्ष येऊन मला थोपटून म्हणाले, "असं फाटक पाहिजे सगळ्यांकडे!" खोटे कशाला बोलू, मला ते आवडले. माझी छाती फुगली.

आणि मी शंका घ्यायला शिकले. शहाळेवाल्याची सायकल दारासमोर हळू का झाली? मोलकरीण आज मोठी पिशवी घेऊन का आली? पहारेकरी तर दर सहा महिन्यांनी बदलत, म्हणजे त्यांची कोणाशी ओळख वाढू नये. समोरच्या घरातले गृहस्थ वारले तेव्हा तिथे गाड्यांची रांग लागली. आमच्या पहारेकऱ्याने आधी सगळ्या गाड्यांचे नंबर लिहून घेतले. मयत आहे हे नंतर कळले. समितीने असेही सांगितले होते की सकाळी फिरायला जाताना फोन, घड्याळ, पाकीट काही बरोबर नेऊ नका, कोणी हिसकावेल. म्झे रुवाइची आता पंचाहत्तरीचे झाले होते. ते रोज पहाट सरली की रिकाम्या खिशाने समुद्राकडे जात. खिशात नावाची चिठ्ठीसुद्धा नसे.

गेल्या जुलैतली गोष्ट. दक्षिणेचा गार वारा सुटला होता. म्झे फिरायला गेले होते. एवढ्यात एक रिक्षा करकचून माझ्यासमोर थांबली आणि कोणीतरी दोन्ही हातांनी माझा पत्रा बडवू लागले.

"होडी! अहो होडी! उघडा!"

तो आवाज मी ओळखला, बीबी चाउसिकुचा. पण मी फाटक, मला कोण विचारतो? पहारेकरी न्दाहानी नवीन होता, दूर दोदोमाकडचा. त्याने झडप उघडली. झडपेतून त्याला फक्त एक डोईवरचे रंगीत फडके दिसले.

"कोण पाहिजे?"

"घरातली बाई पाहिजे. म्हातारा पडलाय!"

"कोण म्हातारा?"

"तुझा मालक रे, दुसरा कोण! समुद्राच्या कठड्यापाशी पडलाय. तोंड वाकडं झालंय, बोलता येईना त्याला."

"नाव काय मालकाचं?"

"अरे, आम्ही बाबा इंजिनियर म्हणतो त्यांना!"

"नाव माहीत नाही आणि म्हणे मालक," न्दाहानी पुटपुटला आणि त्याने आतला फोन उचलला. माझ्या खांबावर बोलायची पेटी आहे. तिच्यातून बाईंचा आवाज आला, तो बाहेरही ऐकू गेला.

"न्दाहानी, उघडू नकोस. मागच्याच आठवड्यात समितीच्या फोनग्रुपवर हेच आलं होतं. म्हणे नवरा पडलाय, आणि दार उघडलं तर चौघं आत!"

"अगं बाई, मी एकटी आहे!" बीबी ओरडली.

"रिक्षात कोण आहे?"

"रिक्षावाला आहे. रिक्षात रिक्षावालाच असणार ना!"

"मग त्यांनाच का नाही आणलं रिक्षातून?"

रिक्षावाला मान बाहेर काढून म्हणाला, "मी नाही बाई कोणाला घालणार आत. वाटेत मेला तर पोलीस मला धरतील. त्यांच्या घरचं माणूस पाहिजे." मग तो बीबीला म्हणाला, "आजी, चल इथून. आपल्यालाच धरतील बघ."

"तू गप रे!"

बीबीने झडपेतून हात आत घातला. हातात म्झेंचा चष्मा होता. न्दाहानीने तो उलटसुलट करून पाहिला. "बाई, चष्मा साहेबांचाच आहे."

मला वाटले, आता उघडतील. पण पेटीतून बाई म्हणाल्या, "म्हणजे लुटलं त्यांना. मी पोलिसांना फोन लावते."

मित्रांनो, खरे सांगते, मलाही तसेच वाटले. ओळखीचा आवाज होता, तरी वाटले. चष्मा हिच्याकडे कसा? इतक्या वर्षांनी हिला आमचे घर कसे आठवले? शंकेला एकदा घरात घेतले की ती कोणाच्याही तोंडाकडे बघत नाही.

"लाव पोलिसांना," बीबी म्हणाली. "फौज बोलाव. पण आधी गाडी काढ!" तिला धाप लागली होती. तिने कपाळ माझ्या पत्र्याला टेकवले. मग ती ओरडली नाही, नुसती बोलली. "एलिवाझा, ऐक. तुझा नवरा रोज सकाळी कठड्यावर बसून माझ्याकडचे दोन व्हिटुंबुआ खातो. त्याला साखरेचा आजार आहे, मला माहीत आहे. नको म्हटलं तरी खातो. वर म्हणतो, बायकोचं नाक फार तिखट आहे. म्हणून लवंग चघळत घरी येतो. आता सांग, लुटारूला हे कोण सांगेल?"

आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. क्षणभराने बाई अनवाणी धावत आल्या.

"लवंग!" त्या रडतच म्हणाल्या. "चार वर्षं मी त्या लवंगेचा विचार करत होते. काय काय मनात आणलं मी! उघड, न्दाहानी, उघड!"

न्दाहानीने कळ दाबली. यंत्र गुरगुरले आणि थांबले. मित्रांनो, खाऱ्या वाऱ्याने माझा रूळ आतून खाल्ला होता. वरून दरवर्षी मला काळा रंग मिळे, पण चाकात तेल घालायचे कोणाच्या लक्षात येत नसे. मी हललेच नाही. आतून न्दाहानी आणि बाई ओढू लागल्या, बाहेरून बीबी आणि रिक्षावाला ढकलू लागले. चौघांनी जोर लावला तेव्हा मी कसेबसे गाडीपुरते सरकले. मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

बाईंनी बीबीला आणि न्दाहानीला घेऊन गाडी काढली. कठड्यापाशी दोन कोळी म्झेंना वाऱ्यापासून आडोसा करून बसले होते, असे नंतर न्दाहानीने माळ्याला सांगितले. त्याआधी कितीतरी चांगल्या गाड्या काचा वर करून तिथून गेल्या होत्या.

म्झे वाचले. उजवा हात आणि पाय मात्र गेल्यासारखेच झाले. शब्द जडपणे येतात, काही येतच नाहीत. डॉक्टर म्हणाले, थोडे आधी आणले असते तर कदाचित हात-पाय वाचले असते. म्झे पडले त्याच दिवशी संध्याकाळी बाई एकट्याच पहारेकऱ्याच्या खोलीत आल्या. न्दाहानीने नियमाप्रमाणे वहीत लिहिले होते: अनोळखी बाई आली, सहा चाळीस. फाटक उघडले, सहा अठ्ठावन्न. बाईंनी त्या दोन ओळींवर बोट ठेवून मधली मिनिटे मोजली: अठरा. न्दाहानी म्हणाला, "बाई, माझं चुकलं का?" त्या म्हणाल्या, "नाही रे बाबा. तू सांगितलं तेच केलंस."

बाईंनी समितीला विचारले, "माझं फाटक पुन्हा कमी उंचीचं केलं तर?" अध्यक्ष म्हणाले, "ताई, एकाचं फाटक खाली आलं की सगळ्या गल्लीला धोका. या वेळी खरं निघालं, हे नशीब समजा." त्यामुळे मी अजून दहा फुटीच आहे.

म्झे घरी आल्यावर बाई स्वतः चालत कोळीवाड्यात गेल्या आणि बीबीला बोलावून आल्या. दुसऱ्या सकाळी बीबी आली. मी उघडे होते. बाई दारात उभ्या होत्या.

"आत ये ना, चाउसिकु."

बीबीने आत पाहिले. व्हरांडा, बाग, झाडाखाली बसलेले म्झे, सगळे पाहिले. मग तिने टोपली माझ्या खांबापाशी, बाहेरच्या बाजूला खाली ठेवली.

"नको, बाई. आत येताना तुमचा माणूस माझं नाव लिहिणार, जाताना टोपली उघडून बघणार. त्याचं कामच आहे ते. पण उद्या गल्लीत कोणाचं काही हरवलं, की आत कोण येऊन गेलं म्हणून पहिलं नाव माझं निघेल. एकदा झालंय ते. मी बाहेरच बरी."

मी आयुष्यभर बाहेरच्यांवर शंका घेतली; बाहेरचे माणूसही आमच्याकडे तसेच बघत असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हते.

मग बाई वळल्या, व्हरांड्यातली वेताची खुर्ची स्वतः उचलून रस्त्यावर आणली आणि बीबीच्या टोपलीशेजारी ठेवून बसल्या. न्दाहानीने म्झेंची चाकाची खुर्ची ढकलत आणली. म्झेंनी डावा हात टोपलीकडे नेला. दोन्ही बायकांनी एकदमच त्यावर चापट मारली.

"अर्धाच!" बाई म्हणाल्या.

न्दाहानी कळीवर बोट ठेवून उभा होता. "बाई, फाटक लावू का?"

"आम्ही सगळे बाहेर आहोत," बाई म्हणाल्या. "लावून काय करतोस?"

तेव्हापासून रोज सकाळी अर्धा तास मी उघडे असते. समोरच्या घरातल्या विधवा बाईही आता एक स्टूल घेऊन येतात. मला मात्र अजून भीती वाटते. एखादी सायकल हळू झाली की मी तिच्यावरून नजर हलवत नाही. सवय अशी दोन-चार महिन्यांत जात नाही.

मित्रांनो, कुलूप लावू नका, असे मी तुम्हाला सांगणार नाही. चोर असतात, मी पाहिले आहेत. पण तुमच्या घरालाही फाटक असेल. त्याला नुसता वरून रंग देऊ नका, त्याच्या चाकात तेल घाला. आणि कोणी जिवाच्या आकांताने बडवत असेल तेव्हा ते किती वेळात उघडते, हे आजच, काही घडायच्या आधी, एकदा उघडून बघा.